स्नोमोबाइलचं इंजिन उभ्या जागी 'रेस' का धरतं? नुसता स्क्रू फिरवून हा प्रश्न का सुटत नाही?

हँडलवरचा अंगठा उचलला, तरी इंजिनचा आवाज खाली येत नाही. चालक थांबलाय, ब्रेक दाबलेला आहे, पण मशीन मात्र पुढे सरकायला बघतंय. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये हा बिघाड नेहमीचाच आहे. त्यावरचा नेहमीचा उपायही ठरलेला आहे. कार्बोरेटरचा एक स्क्रू थोडा सैल करायचा, आवाज कमी झाला की बॉनेट बंद करायचं आणि निघायचं.

धोका नेमका इथेच आहे. अनेकदा वाढलेला आयडल हा मूळ आजार नसतो, तो ताप असतो. स्क्रू फिरवल्यावर ताप उतरतो, पण आजार तसाच राहतो. मग काही किलोमीटरवर, उणे २५ अंश तापमानात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना इंजिन कायमचं बंद पडू शकतं.

आयडल का वाढतो, कारण कसं शोधायचं आणि चालू गाडीत रेस अडकली तर काय करायचं, हे समजून घेऊया.

आधी थोडी ओळख : स्नोमोबाइल म्हणजे काय?

पुढे दिशा देणाऱ्या दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा म्हणजेच ट्रॅक आणि मध्ये इंजिन, अशी ही रचना असते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातलं वालकूर हे या वाहनाच्या इतिहासातलं महत्त्वाचं गाव. तिथले जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए तरुणपणापासून बर्फावर चालणारं वाहन बनवण्याची धडपड करत होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते, त्याला हॉस्पिटलमध्ये नेता आलं नाही आणि तो दगावला. पुढे त्यांनी अनेक प्रवासी बसतील अशी मोठी बर्फगाडी बाजारात आणली आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' ही छोटी, स्कूटरसारखी बसून चालवायची स्नोमोबाइल आणली.

आज उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात स्नोमोबाइल मौजेसाठी चालवली जाते, तशीच ती बर्फाळ भागातल्या अनेक वस्त्यांची रोजची गाडीही आहे. मासेमारी, शिकार, रेनडिअरचे कळप राखणं, शेजारच्या गावाला जाणं, सगळं तिच्यावरच होतं. अशा ठिकाणी इंजिन बंद पडणं म्हणजे फक्त गैरसोय नसते.

आयडल किती असावा?

थ्रॉटल पूर्ण सोडलेला असताना इंजिन ज्या गतीने फिरत राहतं, तिला आयडल म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक यालाच 'स्लो' म्हणतात. कार्बोरेटर असलेल्या बहुतेक टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये हा आकडा साधारण १,५०० ते २,००० आरपीएमच्या आसपास असतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, त्यामुळे शेवटचा शब्द मशीनच्या मॅन्युअलचा.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. इंजिन थंड असताना, चोक ओढलेला असताना रेस जास्त असणं स्वाभाविक आहे. इंजिन व्यवस्थित गरम झालंय, चोक पूर्ण बंद आहे आणि तरीही काटा २,५०० ते ३,००० वर अडकलाय, तर तो बिघाड समजायचा.

बाइकपेक्षा इथे धोका जास्त का?

बाइकमध्ये स्लो वाढला तर फार तर पेट्रोल जास्त जातं आणि आवाज होतो, कारण क्लच चालकाच्या हातात असतो. स्नोमोबाइलमध्ये तसा हातातला क्लच नसतो. तिथे सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुलींमध्ये फिरणारा पट्टा. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. १९८४ मध्ये आलेली विनागिअरची कायनेटिक होंडा याच तत्त्वावर चालायची आणि आजच्या स्कूटरही त्याच तत्त्वावर चालतात. इंजिनची गती वाढली की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली पट्ट्याला पकडते आणि गाडी हलते.

बऱ्याच टू-स्ट्रोक स्नोमोबाइलमध्ये ही पकड साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान बसते. आयडल त्या आकड्याजवळ गेला, तर थ्रॉटलला हातही न लावता मशीन चालू लागतं. त्याच्या आधीही पट्टा पुलीवर घासत राहतो, तापतो आणि झिजतो. उभ्या मशीनसमोर मूल खेळत असेल, मागे कुणी स्लेज जोडत असेल किंवा मशीन ट्रेलरवर चढवलं जात असेल, तर अपघाताला एक क्षण पुरतो.

दुसरा धोका : इंजिनच्या पोटातला

इंजिनला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तर त्याला मिश्रण 'लीन' होणं म्हणतात. कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनमध्ये आयडलला मिश्रण सहसा थोडं पेट्रोलकडे झुकतं ठेवलेलं असतं. कुठून तरी जादा हवा आत शिरली की थ्रॉटल जणू थोडा उघडाच राहिल्यासारखं होतं आणि रेस वाढते.

लीन मिश्रणावर जोराने चालवलं की ज्वलनाची उष्णता वाढते. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये आत जाणाऱ्या पेट्रोलमुळे पिस्टन आणि बेअरिंगला थंडावाही मिळतो. जुन्या मशीनमध्ये तर ऑइलही पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की वंगणही कमी. राजदूत किंवा आरएक्स १०० चालवलेल्या पिढीला 'पिस्टन जाम झाला' हे वाक्य चांगलं माहीत असेल. इथेही शेवट तोच होतो. पिस्टन सिलिंडरला घासतो, जाम होतो किंवा त्याच्या डोक्याला भोक पडतं.

म्हणून जादा हवेमुळे वाढलेला आयडल फक्त स्क्रूने खाली आणणं धोक्याचं. उभं असताना इंजिन शांत वाटतं, पण वेगात मिश्रण लीनच राहतं.

कारणं मुळात तीनच

आयडल वाढण्याची यादी कितीही लांब केली, तरी कार्बोरेटरवाल्या मशीनमध्ये ती तीन प्रश्नांवर येऊन थांबते.

१. थ्रॉटल पूर्ण बंद होतोय का?
२. कार्बोरेटरला चुकवून दुसरीकडून हवा आत शिरतेय का?
३. पेट्रोल कमी मिळतंय का?

बॉनेट उघडण्याआधी इंजिन कसं वागतंय, यावरूनही अंदाज येतो.

• रेस कायम एकाच पातळीवर वाढलेली असेल, तर आधी केबल, आयडल स्क्रू आणि चोककडे बघावं.
• हँडल डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर रेस बदलत असेल, तर केबल ताणली जातेय किंवा कुठेतरी अडकतेय.
• थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली न येता काही सेकंद वर रेंगाळत असेल, तर लीन मिश्रणाचा संशय घ्यावा. हवेची गळती किंवा तुंबलेला पायलट जेट ही त्याची नेहमीची कारणं.
• रेस कधी वर, कधी खाली अशी आपोआप हेलकावत असेल, तरीही संशय हवेच्या गळतीवर किंवा अपुऱ्या पेट्रोलवर.
• थोडा चोक ओढल्यावर ही रेंगाळलेली रेस खाली येऊन इंजिन सुरळीत झालं, तर लीन मिश्रणाचा संशय आणखी पक्का होतो.

तपासणीआधी सुरक्षितता

काम शक्यतो उघड्यावर करावं. थंडी आहे म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल, तर मशीनचा मागचा भाग मजबूत स्टँडवर उचललेला असावा. ट्रॅकच्या मागे कुणीही उभं राहू नये, कारण फिरणारा ट्रॅक बर्फाचे आणि दगडाचे तुकडे गोळीसारखे फेकतो. पुलीवरचं संरक्षक कव्हर बंद असावं. पट्टा काढून इंजिन रेस करू नये. भार नसल्यामुळे गती एकदम मर्यादेबाहेर जाते.

सुरू करण्याआधी लाल किल स्विच आणि चालकाच्या जॅकेटला अडकवायची टेदर दोरी, दोन्हींनी इंजिन खरंच बंद होतंय ना, हे बघावं. रेस अडकलेल्या मशीनवर हाच शेवटचा आधार असतो.

पायरी १ : थ्रॉटल आणि केबल

इंजिन बंद ठेवून अंगठ्याने थ्रॉटल पूर्ण दाबा आणि सोडा. तो टक्कन जागेवर यायला हवा. सावकाश येत असेल, तर केबलमध्ये पाणी शिरून गोठलंय, आतली तार उसवलीय किंवा स्प्रिंग कमजोर झालीय. आदल्या दिवशी ओल्या बर्फात चाललेलं मशीन रात्रभर बाहेर उभं राहिलं, तर सकाळी केबल गोठलेली असणं अगदी शक्य आहे.

केबलमध्ये थोडासा मोकळेपणा असायला हवा. ती फार ताणलेली असेल, तर कार्बोरेटरची स्लाइड पूर्ण खाली बसत नाही. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ऑइल पंप असलेल्या अनेक मशीनमध्ये थ्रॉटलबरोबर पंपाचीही केबल हलते. थ्रॉटलची केबल बदलली किंवा ताण बदलला, तर पंपाच्या खुणा जुळतात का, हे बघणं भाग आहे. त्या जुळल्या नाहीत तर इंजिनला ऑइल कमी जातं.

काही मशीनमध्ये थ्रॉटलशी जोडलेली सुरक्षा यंत्रणा असते. थ्रॉटल सोडूनही स्लाइड बंद झाली नाही, तर ती ठिणगी तोडते आणि इंजिन बंद पाडते. 'सारखं बंद पडतं' म्हणून ही यंत्रणा वायर जोडून बाद करण्याचा मोह होतो. तसं कधीच करू नये.

पायरी २ : चोक

यातल्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पट्टी नसते. तिथे एक छोटा दट्ट्या असतो. तो वर उचलला की जादा पेट्रोल आणि हवा जाण्याचा वेगळा मार्ग उघडतो. चोकची केबल ताणलेली असेल किंवा दट्ट्याखाली कचरा अडकला असेल, तर हा मार्ग बंदच होत नाही. चोकचा खटका 'बंद' दाखवतो, पण आतमध्ये तो अर्धवट उघडा असतो. म्हणून खटक्यावर विश्वास न ठेवता, दट्ट्या खाली बसतोय का ते बघावं.

पायरी ३ : स्लाइड आणि आयडल स्क्रू

आयडल स्क्रू स्लाइडला थोडं वर धरून ठेवतो. आत फिरवला की स्लाइड उचलली जाते आणि रेस वाढते. आधी कुणी तो फिरवलाय का, हे विचारणं महत्त्वाचं. पायलट जेट तुंबल्यामुळे इंजिन बंद पडायला लागतं, म्हणून मालक स्क्रू आत फिरवतो. थंड इंजिन कसंबसं चालतं, पण गरम झालं की सुसाट रेस धरतं. मूळ दोष जेटमध्ये, शिक्षा स्क्रूला.

कार्बोरेटर नुकताच उघडून साफ केला असेल, तर स्लाइड उलटी बसलेली असू शकते. स्लाइडच्या खालच्या कडेला एका बाजूला खाच कापलेली असते. ती खाच एअर बॉक्सच्या दिशेला, म्हणजे हवा येते त्या बाजूला हवी. उलटी बसली की इंजिन सुरू होताच रेस धरतं. दोन कार्बोरेटर असतील, तर दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात आणि एकाच उंचीवर थांबतात का, तेही जुळवावं लागतं.

पायरी ४ : हवेची गळती

कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग, ज्याला इंटेक बूट म्हणतात, हा सर्वांत पहिला संशयित. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि थंडीने या रबराला तडे जातात. वरून तो धडधाकट दिसतो, पण हाताने वाकवला की भेग उघडते. क्लॅम्प सैल असेल, तरीही तोच परिणाम.

दुसरी जागा सहज नजरेतून सुटते. कार्बोरेटरवाल्या अनेक स्नोमोबाइलमध्ये पेट्रोलचा पंप विजेवर चालत नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर तो चालतो आणि त्यासाठी एक बारीक नळी जोडलेली असते. ती तडकली की दुहेरी नुकसान होतं. तिथून हवा आत शिरते आणि पंपाची ताकदही कमी होते.

तिसरी जागा म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची ऑइल सील. एक पुलीच्या मागे असते, दुसरी मॅग्नेटोच्या मागे. ती बाहेरून दिसत नाहीत. दोन सिलिंडरच्या इंजिनमध्ये दोन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवले, तर थोडा सुगावा लागतो. एक तपकिरी आणि दुसरा पांढुरका असेल, तर पांढुरक्या बाजूला मिश्रण लीन आहे.

गळती शोधण्यासाठी अनेक जण चालू इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे मारतात आणि रेस बदलते का ते बघतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ हा प्रकार आगीला आमंत्रण आहे. त्यापेक्षा बंद इंजिनवरची दाबाची चाचणी भरवशाची. इंटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करायची, हातपंपाने साधारण ५ ते ७ पीएसआय दाब भरायचा आणि तो टिकतो का ते बघायचं. दाब उतरला, तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले ती जागा गळकी. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, त्यातलाच हा प्रकार. दाब मात्र यापेक्षा वाढवायचा नाही, नाहीतर चांगली सीलही निखळतात.

पायरी ५ : पेट्रोलचा मार्ग

स्नोमोबाइल उन्हाळाभर उभी असते. टाकीतलं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल जुनं होऊन चिकट थर धरतं आणि त्याचा पहिला बळी पायलट जेट. त्याचं भोक इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना ते बंद आहे की उघडं, हे कळणं कठीण. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालून टोकरू नये. भोक मोठं झालं की माप बिघडतं.

उत्तर अमेरिकेत १० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा शब्द महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे महिनोन्महिने साठवलेल्या पेट्रोलात पाणी उतरू शकतं आणि कडक थंडीत ते गोठून फिल्टर किंवा नळी अडवू शकतं.

हे सगळं साफ झाल्यावरच एअर स्क्रूकडे वळायचं. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये तो हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन साधारण एक ते दीड फेरा बाहेर काढणं ही सुरुवातीची जागा मानली जाते. बाहेर काढला की मिश्रण लीन होतं, आत घेतला की उलट. अगदी शेवटी, इंजिन गरम असताना, आयडल स्क्रूने मॅन्युअलमधला आकडा लावायचा. ज्या स्क्रूपासून बहुतेक जण सुरुवात करतात, तो खरं तर शेवटची पायरी आहे.

काहीच बिघडलं नाही, तरी रेस वाढली?

असंही होतं, आणि त्याचं कारण हवामान असतं. थंड हवा दाट असते. दाब तेवढाच धरला, तर उणे ३० अंशांवरची हवा शून्य अंशावरच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट भरते. हवेतला ऑक्सिजन वाढला, पण कार्बोरेटरचा जेट तेवढाच राहिला, म्हणजे मिश्रण लीन झालं. म्हणूनच जुन्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत तापमान आणि उंचीनुसार कोणता जेट घालायचा, याचा तक्ता असतो.

उंचीचा परिणाम उलटा होतो. डोंगरावर हवा विरळ, त्यामुळे मिश्रण पेट्रोलकडे झुकतं. डोंगरासाठी छोटा जेट घातलेलं मशीन तसंच खाली सखल, थंड भागात आणून पळवलं, तर ते लीन होतं.

आणखी एक चूक माणसाची असते. आवाज दमदार यावा म्हणून काही जण एअर बॉक्स काढून टाकतात. कार्बोरेटरचं माप त्या डब्यासकट ठरवलेलं असतं. डबा गेला की माप चुकतं.

नव्या मशीनमध्ये काय वेगळं?

फ्युएल इंजेक्शन असलेल्या मशीनमध्ये, मग ती टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, पेट्रोल किती द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन थंड असताना बरीच मशीन स्वतःहून रेस वाढवतात आणि गरम झाल्यावर खाली आणतात. तापमान मोजणारा सेन्सर चुकीची माहिती देऊ लागला, तर कॉम्प्युटरला इंजिन कायम थंडच वाटतं. थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर किंवा हवेचा झडप-नियंत्रक बिघडला, तरीही आयडल वाढतो. हवेची गळती मात्र इथेही होऊ शकते. अशा मशीनमध्ये अंदाजाने स्क्रू फिरवण्यापेक्षा आधी एरर कोड वाचून घेणं शहाणपणाचं.

चालू मशीनवर रेस अडकली तर?

• लगेच लाल किल स्विच दाबा. त्याने काम झालं नाही तर टेदर दोरी ओढून काढा.
• ब्रेक दाबून ठेवा, पण फक्त ब्रेकच्या भरवशावर राहू नका.
• फार लीन होऊन तापलेलं टू-स्ट्रोक इंजिन क्वचित ठिणगी तोडल्यावरही फिरत राहतं. अशा वेळी चोक पूर्ण ओढला, तर जास्तीच्या पेट्रोलाने ते गुदमरून बंद पडू शकतं.
• मशीन थांबल्यावर पुन्हा सुरू करून 'बघूया होतंय का' असं करू नका. आधी थ्रॉटल मोकळा झालाय का ते तपासा.
• रेंगाळणारी रेस घेऊन लांबच्या वाटेवर किंवा गोठलेल्या तळ्यावर जाऊ नका. इंजिन जाम झालं तर परतीचा रस्ता पायी कापावा लागतो आणि तशा थंडीत काही किलोमीटरही फार असतात.

गुलमर्गला जाणाऱ्यांनी काय बघावं?

महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या अनेकांची स्नोमोबाइलशी पहिली भेट गुलमर्गला होते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे कार्बोरेटरचं माप त्या उंचीला जुळलेलं असणं गरजेचं.

पर्यटकाने बॉनेट उघडायची गरज नाही. बसण्याआधी तीन गोष्टी बघितल्या तरी पुरे. थ्रॉटल सोडल्यावर मशीन जागेवर शांत उभं राहतं का? चालक ब्रेक सोडतो तेव्हा ते आपोआप पुढे सरकतं का? किल स्विच कुठे आहे आणि तो चालतो का, हे चालक दाखवतो का? मशीन आपणहून सरकत असेल तर दुसरं मागावं. लहान मुलं सोबत असतील, तर त्यात संकोच करू नये. उभ्या मशीनच्या पुढ्यात किंवा ट्रॅकच्या मागे थांबून फोटो काढणंही टाळावं.

थोडक्यात काय?

वाढलेला आयडल हा इंजिनचा निरोप असतो. थ्रॉटल अडकलाय, हवा चोरवाटेने येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, या तिन्हींपैकी काहीतरी एक तो सांगत असतो. तपासणीचा क्रमही सोपा आहे : आधी किल स्विच, मग केबल आणि चोक, मग रबरी बूट, नळ्या आणि सील, त्यानंतर जेट आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. केबल, बूट आणि क्लॅम्प घरच्या घरी बघता येतात. दाबाची चाचणी आणि ऑइल सीलचं काम मात्र जाणकार मेकॅनिककडेच द्यावं. एक तडकलेला बूट वेळेवर बदलला, तर पिस्टन, बोअर आणि क्रँकचा मोठा खर्च टळतो. आणि ओसाड बर्फात अडकून पडण्याची वेळही.